नागपूरच्या महालातल्या वाचनालयाचे संगणक: थीम कोणाच्या हातात?

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

वाचनालयाच्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स बसवायचं काम कार्यकारिणीने मंजूर केलं. संगणक खोलीत दहा मशीन आहेत, सगळी चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीच्या पुढचा हवा, म्हणजे आमची दहाही बाद. नवीन घ्यायला पैसे नाहीत आणि चालतं मशीन भंगारात द्यायला मन होत नाही. म्हणून फुकट मिळणारं लिनक्स मिंट २२.१, सिनॅमन डेस्कटॉपसह (पडद्यावरचं पॅनल, खिडक्या, मेनू हे सगळं म्हणजे डेस्कटॉप). त्याचा पाया उबुंटू २४.०४, अपडेट २०२९ पर्यंत मिळतील. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की चार जीबी रॅमवरही बरं चालतं.

इन्स्टॉल कसं करायचं यावर इथे लिहीत बसणार नाही. ते सगळीकडे मिळतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली मशीन सुरू करून दिली आणि स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना म्हटलं, वापरून पाहा. त्यांनी आधी ब्राउझर उघडला नाही, वॉलपेपर बदलला. मग खालचं पॅनल वर नेलं. एकाने थीमच्या, म्हणजे पडद्याचं सगळं रंगरूप बदलायच्या, खिडकीत जाऊन काळ्यावर निळी चमक असलेली कुठलीशी थीम उतरवली आणि मला बोलावून दाखवली, "दादा, पाहा ना, कसं भारी दिसून राह्यलं."

तेवढ्यात सचिव काका आले. त्यांना ते भारी दिसलं नाही. प्रत्येक पडदा वेगळा दिसला तर येणाऱ्या माणसाने काय समजायचं, असं त्यांचं म्हणणं. शाळेला गणवेश असतो तसा सगळ्या संगणकांना एकच वेष हवा: वाचनालयाचं नाव मागे, वाचनालयाचा मरून रंग पॅनलला आणि खिडक्यांना, आणि बदलायची सोय बंद. ग्रंथपाल मॅडमचं मत याहून साधं होतं. आयकॉन हलवले की लोक त्यांना हाका मारतात, तेवढं थांबलं तर बरं.

दोघांचंही ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. तांत्रिकदृष्ट्या काकांचं सगळं करता येतं. सिनॅमनची सेटिंग डीकॉन्फ नावाच्या कोठारात असतात. हवं ते सेटिंग लॉकच्या यादीत लिहून डेटाबेस अपडेट केला की वापरणाऱ्याला ते हलवता येत नाही. करायचं का, हा प्रश्न आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

हा वाद आमच्या खोलीपुरता नाही. लिनक्सच्या जगात त्यावर चांगली भांडणं झाली आहेत. ती नीट समजून घेतली, कारण १४ सप्टेंबरच्या बैठकीत बोलायचं तर नुसतं "स्वातंत्र्य" म्हणून भागणार नाही.

मे २०१९ मध्ये ग्नोम या लिनक्सच्या दुसऱ्या एका डेस्कटॉपवर अ‍ॅप लिहिणाऱ्या काही डेव्हलपरांनी एक खुलं पत्र काढलं. मागणी अशी की आमच्या अ‍ॅपना थीम लावू नका. त्यांची तक्रार खोटी नाही. अ‍ॅप लिहिणारा एका स्टाइलशीटवर रंग, अंतरं, आयकॉन तपासून बघतो. मग एखादं डिस्ट्रो (मिंट, उबुंटूसारखी लिनक्सची तयार आवृत्ती) स्वतःची ओळख म्हणून दुसरीच थीम वरून चढवतं. बटणावरची अक्षरं बटणाच्याच रंगात बुडतात, आयकॉन भलताच अर्थ सांगू लागतो, स्क्रीनशॉट आणि प्रत्यक्ष अ‍ॅप यांचा मेळ बसत नाही. शिव्या मात्र अ‍ॅपवाल्याला बसतात, थीमवाल्याला कोणी विचारत नाही.

पुढे २०२१ च्या अगदी शेवटी लिबअद्वैता १.०, म्हणजे ग्नोमच्या अ‍ॅपना रूप देणारी लायब्ररी, आली आणि ग्नोमवाल्यांनी दारच लावून घेतलं. ही लायब्ररी वापरणारं अ‍ॅप निवडलेली थीम पाळतच नाही. स्टाइल आतच बांधलेली असते. ते ऐकतं ते मोजकंच: उजळ की गडद, हाय कॉन्ट्रास्ट हवा की नको, आणि सप्टेंबर २०२४ च्या ग्नोम ४७ पासून नऊ अ‍ॅक्सेंट रंगांपैकी एक (बटणं आणि निवडलेल्या गोष्टी ज्या रंगात उठून दिसतात तो). अ‍ॅक्सेंट रंग केडीई प्लाझ्मा या आणखी एका डेस्कटॉपमध्ये ५.२३ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून होता, उबुंटूत २२.०४ पासून. ग्नोमवाले इथे शेवटी पोचले.

मिंटवाल्यांनी उलटा पवित्रा घेतला. जुलै २०२४ च्या मिंट २२ मध्ये त्यांनी कॅल्क्युलेटर, स्कॅनर, डिस्कची जागा दाखवणारं अ‍ॅप अशी ग्नोमची बरीच अ‍ॅप मुद्दाम जुन्या आवृत्तीवर ठेवली, कारण नव्या आवृत्त्या थीम मानत नव्हत्या. आमच्या मशीनवर सगळं एकसारखं रंगतं ते यामुळेच.

त्या पत्रातली एक गोष्ट भांडणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. ते पत्र वापरणाऱ्यांना उद्देशून नाहीच. स्वतःच्या मशीनशी खेळणाऱ्याला आमची हरकत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हरकत आहे ती दुसऱ्यांच्या मशीनवर आपली थीम चढवून पाठवणाऱ्यांना. आता आमच्या खोलीत हे लावून पाहा. निळ्या थीमचा मुलगा स्वतःपुरता खेळतोय. आणि दहाही मशीनवर मरून रंग चढवायचा बेत आखणारे आम्ही, म्हणजे काका आणि मी, डिस्ट्रो झालो. पत्र आम्हाला आहे.

बैठकीत हेच मांडायचं.

१७ ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लांबेल.

रोज सकाळी एक आजोबा येतात. आपल्या घराण्याचा कुळवृत्तांत टाइप करताहेत, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर, दोन बोटांनी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन ठरलंय. नव्या मशीनवर बसवलं तर दहा मिनिटांत उठले. "बाबू, हे पांढरं लय डोळ्यात घुसून राह्यलं. अक्षर दिसतच नाही, उजेडच दिसते."

मोतीबिंदूत असंच होतं. भिंग गढूळ झालं की पांढऱ्या पानाचा उजेड आत पसरतो आणि काळी अक्षरं त्या धुक्यात विरतात. काळ्या पानावर उजळ अक्षर घेतलं की पसरायला उजेडच कमी उरतो.

आधी मिंटची तयार गडद थीम लावून दिली. फारसा उपयोग नाही. एक तर ती काळी नसून करडी आहे, त्यात मॉनिटर स्वस्त टीएन पॅनलचे. थोडं खालून पाहिलं तरी करडे रंग एकमेकांत मिसळतात, आणि आजोबा खुर्चीत खाली सरकूनच बसतात. मग शुद्ध काळ्यावर पांढरं. "बरं आहे, पण चमकते." मग काळ्यावर पिवळं. यावर ते काहीच बोलले नाहीत, सरळ टाइप करायला लागले.

थीमच्या फाइलीत वरच रंगांना नावं दिलेली असतात: पार्श्वभूमी, अक्षर, निवडलेली ओळ, कडा. मिंटच्या गडद थीमची प्रत काढून ते रंग बदलले. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नावाच्या मानकात नेहमीच्या आकाराच्या मजकुराला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ मागतात, मोठ्या अक्षरांना ३ ला १, कडक पातळीवर ७ ला १. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, त्यापुढे आकडाच नाही. काळ्यावर शुद्ध पिवळं १९.५६ येतं. मुलाच्या थीममधलं काळ्यावरचं शुद्ध निळं २.४४. त्याला तो आकडा दाखवला. म्हणाला, "चालते दादा, डोळे माझेच आहेत." बरोबर आहे, त्याचेच आहेत.

निवडलेली ओळ उलटी केली, पिवळ्यावर काळी. नुसता गडद पिवळा पट्टा ठेवला असता तर अक्षर त्यात गेलं असतं. पण खरी अडचण रंगाची नव्हतीच, ती उजव्या कडेला होती. स्क्रोलपट्टी बारीक, आणि आजोबांना ती सापडतच नव्हती. कुळवृत्तांताची पानं वरखाली करायला ते बाणाचं बटण दाबून धरायचे. सिनॅमनच्या थीमच्या खिडकीतच पट्टीची जाडी बदलायची सोय आहे. ती जाड केली, कर्सर मोठा केला, अक्षरांचं प्रमाण १.३ केलं. ही तीन कामं थीम म्हणून कोणी मोजत नाही. आजोबांना पिवळ्या रंगाहून जास्त उपयोग बहुधा त्यांचाच झाला.

लिबरऑफिसमधलं पानही काळं करून दिलं तेव्हा ते दचकले. "छापून पण काळंच येईन का? शाई किती जाईन!" अक्षराचा रंग "आपोआप" ठेवला असेल तर छपाईला पांढऱ्यावर काळंच येतं. एक पान छापून हातात दिलं तेव्हा कुठे पटलं.

एक मर्यादाही लिहून ठेवतो. ते ई-पेपर वाचतात, तो पीडीएफ म्हणून. तिथे डेस्कटॉपच्या थीमचं काही चालत नाही, पान पांढरंच राहतं. मिंटच्या एक्सरीडरमध्ये रंग उलटे करायचा पर्याय आहे, तो दाखवला. फोटोतली माणसं भुतासारखी दिसतात, पण ते फोटो बघत नाहीत म्हणाले. वेबसाइटचंही तेच. फायरफॉक्स उजळ-गडद पसंती साइटला कळवतो, पण मानायची की नाही ते साइट ठरवते. सरकारी साइट बहुतेक मानत नाहीत. लेख असेल तर रीडर व्ह्यू (फायरफॉक्स नुसता मजकूर आपल्या रंगात दाखवतो तो), फॉर्म असेल तर नशीब.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा मारबत निघाली (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, पीडा घेऊन जा म्हणत काढतात ती), दोन दिवस महालात काम होणं शक्यच नव्हतं. आज खोली उघडली तर मुलांनी आजोबांच्या मशीनचं बारसं करून टाकलं होतं: पिवळी मारबत. काळी कोणती म्हणून विचारलं तर निळ्या थीमवाल्याकडे बोट. आजोबा हसले आणि पडद्याला हात जोडून म्हणाले, "डोळ्याची पीडा घेऊन जा गे मारबत." सचिव काकांनाही हसू आवरलं नाही, पण खात्याला ते नाव द्यायचं नाही असं बजावून गेले.

३ सप्टेंबर, बुधवार

दोन गोष्टी.

पहिली, "गरुवार". एका मुलीने मराठी भाषा लावून एक उतरवलेली थीम चढवली, आणि कॅलेंडरच्या डोक्यावर "गुरुवार" ऐवजी "गरुवार" दिसायला लागला. "गु"चा खालचा उकार कापला गेला होता. थीम बनवणाऱ्याने त्या ओळीची उंची पिक्सेलमध्ये पक्की करून ठेवलेली, आणि ती ठरवताना त्याच्यासमोर रोमन अक्षरं असणार. त्यांना खाली फारशी जागा लागत नाही. आपल्याला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. अक्षरांचं प्रमाण वाढवलं की आणखी कापतं. ती एक ओळ फाइलीतून काढल्यावर गुरुवार परत आला. दिसायला गोष्ट फुटकळ, पण ग्नोमवाल्यांच्या पत्रातली तक्रार आमच्या खोलीत, मराठीत, अशी भेटली. थीम सुंदर होती, तिने फक्त देवनागरी कधी पाहिली नव्हती.

यावर उपाय थीमा बंद करणं नाही. मी मशीनवर ठेवेन त्या थीमा आधी "कुटुंब", "पूर्तता", "कर्तृत्व" असे शब्द लावून बघायच्या. कापलं तर ठेवायची नाही.

दुसरी, आठवण कुठे ठेवायची. पाहुणा खातं सुरू केलं की बाहेर पडताच सगळं पुसलं जातं. गोपनीयतेला उत्तम, पण आजोबांना रोज सकाळी पुन्हा पिवळं-काळं लावावं लागेल. त्यांना जमणार नाही, मॅडमना वेळ नाही. प्रत्येक सभासदाला वेगळं खातं द्यायचं तर सर्व्हर हवा, कारण माणूस आज तीन नंबरवर बसतो, उद्या सातवर.

म्हणून प्रत्येक मशीनवर तीन खाती: "साधं", "मोठं अक्षर", "पिवळं-काळं". प्रत्येकाची मूळ सेटिंग एका फाइलीत जपलेली, लॉगिन होताना एक छोटी स्क्रिप्ट ती परत भरते. बसल्यावर हवं ते बदला, पॅनल डोक्यावर घ्या, वॉलपेपरला मोटारसायकल लावा. पुढचा माणूस आला की मशीन पूर्ववत. मॅडमची आयकॉनची कटकट यात परस्पर मिटते.

१४ सप्टेंबर, रविवार

बैठक. विषय पत्रिकेवर सहावा, पण वेळ सगळ्यात जास्त याच विषयाने खाल्ला.

कोषाध्यक्षांनी सुरुवात केली. त्यांच्या जुन्या छोट्या लॅपटॉपवर विंडोज ७ स्टार्टर होतं, त्यात वॉलपेपरसुद्धा बदलता येत नव्हता, आणि त्यांचं काही अडलं नाही. खरं आहे, स्टार्टरमध्ये ती सोय नव्हतीच. पण जास्त पैसे मोजून वरची आवृत्ती घेतली की मिळायची. म्हणजे वॉलपेपर बदलल्याने मशीन बिघडत होतं म्हणून बंदी नव्हती, ते विकायचं होतं. आपल्याला काही विकायचं नाही, असं मी म्हणालो.

सचिव काकांचा मुद्दा जास्त वजनाचा होता. सार्वजनिक मशीनवर शिस्त हवी, आणि मुलं नेटवरून काहीबाही उतरवतात. इथे मी त्यांच्या बाजूने बोललो. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या स्टोअरवरून घेतलेल्या एका ग्लोबल थीमने एका वापरकर्त्याच्या फाइली पुसून टाकल्या होत्या. अशा थीमसोबत स्क्रिप्टही येतात आणि त्या वापरणाऱ्याच्या हक्काने चालतात, हे बहुतेकांना माहीतच नसतं. सिनॅमनची थीम म्हणजे मुख्यतः स्टाइलच्या फाइली आणि चित्रं, पण तिथेच बाजूला मिळणारी अ‍ॅपलेट आणि एक्स्टेन्शन हे चालणारे प्रोग्राम आहेत. रंग बदलणं आणि अनोळखी कोड चालवणं या दोन गोष्टी एकाच खिडकीतून मिळतात, हा डेस्कटॉप बनवणाऱ्यांचा दोष. केडीईने त्यानंतर इशारे वाढवले, पण दोन्ही गोष्टी मुळातच वेगळ्या ठेवायला हव्या होत्या.

मरून रंगाबद्दल मात्र मी हटलो नाही. तो आम्ही दहाही मशीनवर चढवला तर मोतीबिंदूवाल्याला, डोकं दुखणाऱ्याला, रंग ओळखायला अडचण असणाऱ्याला, सगळ्यांना आमची आवड सोसावी लागेल. शिवाय प्रत्येक अपडेटनंतर काय फुटलं ते बघायला मलाच यावं लागेल. ही दुसरी गोष्ट काकांना पहिलीपेक्षा लवकर पटली.

ठरलं ते असं. लॉगिनच्या पडद्यावर वाचनालयाचं नाव आणि मरून रंग, तो आपला दरवाजा आहे. आत गेल्यावर रंग, वॉलपेपर, अक्षरांचा आकार, पॅनल, तपासून ठेवलेल्या थीमा, सगळं खुलं. अ‍ॅपलेट आणि एक्स्टेन्शन डीकॉन्फमधून कुलूपबंद. कोषाध्यक्षांनी विरोध नोंदवायला सांगितलं, नोंदवला. मग चहा.

४ ऑक्टोबर, शनिवार

परवा दसरा, दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे दोन दिवस शहरात कुठे जाणं-येणं नव्हतं. त्याआधीच दहाही मशीन बसवून झाली.

आजोबा ऑपरेशननंतर पहिल्यांदा आले. सवयीने पिवळं-काळं उघडून दिलं तर म्हणाले, "नको बाबू, आता पांढरं दाखव." साधं खातं उघडलं. पांढरा रंग त्यांना निळसर वाटतोय. जुनं पिवळट भिंग गेलं की काही दिवस तसं होतं. म्हणून त्याच खात्यात रात्रीचा उबदार रंग थोडा लावून दिला. अक्षर १.३ वरून १.१५ वर. जाड स्क्रोलपट्टी मात्र परत मागितली. ती आता तिन्ही खात्यांत जाडच ठेवली आहे, कोणाची तक्रार आलेली नाही.

पिवळं-काळं ओस पडेल असं वाटलं होतं. मॅडम सांगतात, संध्याकाळी दोघी मुली त्यावरच बसतात, एकीला मायग्रेन आहे. आम्ही कोणाला विचारलं नव्हतं, त्यांनी आपलं आपण शोधलं.

निळ्या थीमवाल्याने वेगळीच युक्ती केली. लॉगिनला सेटिंग पुसली जातात म्हटल्यावर त्याने स्वतःची सेटिंग डीकॉन्फमधून एका फाइलीत उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली. आला की दोन ओळींचा आदेश देऊन परत भरतो. आदेश कुठून शिकलास विचारलं तर माझीच लॉगिनची स्क्रिप्ट उघडून वाचली होती. लिंकचा निळा त्याने थोडा उजळ केलाय. आकडा मी मोजला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

एक अ‍ॅप वेगळं टाकावं लागलं, ते लिबअद्वैताचं. पिवळं-काळं खात्यात ते गडद होतं, पण पिवळं होत नाही, अपेक्षेप्रमाणे. जीटीके ४ (लिबअद्वैता जिच्यावर उभी आहे ती लायब्ररी) साठी घरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये स्वतःची स्टाइल फाइल ठेवता येते. ती वाट अजून उघडी आहे, पण तिची हमी कोणी देत नाही. त्या एका खात्यापुरती चार रंगांची फाइल ठेवली. मॅडमच्या वहीत लिहून दिलंय: अपडेटनंतर हे अ‍ॅप विचित्र दिसलं तर ही फाइल पुसा आणि मला फोन करा. अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे तक्रार करू नका, त्यांचा संबंध नाही.

उरलेली कामं: प्रिंटर सात नंबरच्या मशीनवरून अजून अर्धं पान छापून थांबतो, ड्रायव्हर बदलून बघायचा. चार नंबरचा मॉनिटर उंच ठेवायला लाकडी फळी. लॉगिनच्या पडद्यावर वाचनालयाच्या नावात "सार्वजनिक" हा शब्द राहिलाय, सचिव काकांनी दोनदा आठवण केली.